दहावीतली विसावी

"पाचच्या आत पोरगी दारात पाहिजे," द्वारकाची सासू म्हणाली. "पाच म्हंजी पाच. दिवे लागायच्या वक्ताला मी हिला हुडकीत बसणार न्हाई."

"पाचच्या आत आणतो मावशी," पंडित टीचर म्हणाल्या. त्या आमच्या वर्गशिक्षिका. सकाळी आठला शाळेची जीप घेऊन आम्ही दोघी त्या वस्तीवर आलो होतो, आणि टीचरांनी अजून चहाला तोंडही लावलं नव्हतं.

"तुमी नगा बोलू. तुमी मास्तरीण, तुमाला छप्पन कामं. हिला बोलू द्या." सासूनं माझ्याकडं बोट केलं. "कोन गं तू?"

"मार्था साळवे. द्वारकाच्या बाकावर बसते. बसायचे."

"तू आनून सोडशील?"

"सोडीन."

"घे शपथ."

मी टीचरांकडं पाहिलं. आमच्यात ऊठसूट देवाची शपथ घेणं म्हणजे पाप. दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा, धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच ती घडाघडा म्हणून दाखवायचे. टीचर छपराच्या पत्र्याकडं बघत बसल्या.

"आमच्यात घेत नाहीत मावशी."

"आमच्यात घेत्यात. तुझ्या येशूची घे, मला चालंल."

घेतली. काय करणार? आतून द्वारका आली. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पाच महिन्यांपूर्वी ही माझ्याशेजारी बसून शेंगदाणे खात होती. मला पाहून तिनं ओठ दाबले, हसू आलं की रडू ते मला कळलं नाही.

"चल," ती म्हणाली, आणि चपला घालून सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

हे सगळं कशासाठी ते आधी सांगते. खडकमाळला आमची शाळा होती, संत मोनिका कन्या विद्यालय. कौलारू तीन खोल्या, एक चॅपल, एक छोटा दवाखाना आणि दोन सिस्टर. ते शाळेचं शेवटचं वर्ष. पाचवी ते नववी जूनमध्येच बंद झाली होती, उरली होती फक्त दहावी. ती मार्चमध्ये परीक्षेला बसली की कुलूप. पण ऑक्टोबरात शिक्षण खात्याचं पत्र आलं, की पट मोजायला येणार. वर्गात वीस मुली दिसल्या तर मार्चपर्यंत चालवा. एकोणीस दिसल्या तर दिवाळीनंतर सगळ्यांनी चौदा किलोमीटरवरच्या कारखान्याच्या हायस्कुलात जायचं.

पटावर नावं वीस होती. वर्गात आम्ही एकोणीस. विसावी द्वारका कोळपे, जिचं मे महिन्यात लग्न झालं होतं. वय पंधरा. दाखला न्यायला कुणी आलंच नव्हतं, म्हणून नाव तसंच राहिलेलं.

आणि माझं म्हणाल तर माझा बाप आधीच बोलून बसला होता. बाप चर्चमध्ये घंटा वाजवायचा, सगळा गाव त्याला साधा माणूस म्हणायचा. साधा होताच. पण साध्या माणसाचा हट्ट फार वाईट. "चौदा किलोमीटर पोरगी धाडणार नाही," तो म्हणाला. "शाळा मिटली तर शिक्षण मिटलं. नेवाशाचं स्थळ चांगलंय." माझा फोटोसुद्धा तिकडं गेला होता. निळ्या पडद्यापुढं, हातात प्लास्टिकची फुलं घेऊन काढलेला. वीस मुली दिसल्या तर मी दहावी होणार होते, एकोणीस दिसल्या तर नेवासा. इतकं सोपं होतं ते.

जीपमध्ये पुढं लाजरसमामा गाडी चालवत होते, शेजारी टीचर. मागं आम्ही दोघी. रस्ता कसला, नुसते खड्डे.

"मार्थे," द्वारका हळूच म्हणाली, "आज कोन येनार हाय?"

"विस्तार अधिकारी. बाई आहेत. पाठारे मॅडम."

"सायबीन हाय का ती? खरीखुरी?"

"हो मग. सरकारी."

"तिचं सासऱ्याला ऐकावं लागंल का?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती बांगड्या मागंपुढं करत होती.

"कशाबद्दल?"

"दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचंय आमाला. सांगलीच्या बाजूला. सा महिने फडात. कोयत्याला जोडी लागती ना, नवरा-बायकोची, म्हनून तर घाई केली लग्नाची. एकटा गडी कुनी घेत न्हाई." तिनं माझा हात धरला. "मी सांगनार हाय त्या बाईला. की माझं लगीन लावलंय, मला शिकायचंय. पंधरा वर्साची लावता येत न्हाई ना? पुस्तकातच हाय आपल्या."

नागरिकशास्त्र. होतं पुस्तकात, खरंच होतं. आम्ही दोघींनी मिळून अधोरेखित केलं होतं.

आदल्या दिवशी स्टाफरूमच्या खिडकीखाली उभं राहून मी सगळं ऐकलं होतं. पंडित टीचर म्हणत होत्या, "सिस्टर, हे उघडकीला आलं तर? लग्न ठाऊक असून आपण मुलगी पटावर ठेवली." आणि आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर इमेल्डा म्हणत होत्या, "नाव पटावर आहे. मुलगी वर्गात बसेल. यात खोटं काय आहे?"

"द्वारके, असं नको करू."

"का?"

"अगं, तू लग्नाची निघालीस तर तुला मोजणार नाहीत. एकोणीस होतील. आणि सिस्टरांवर केस होईल."

"केस माझ्या बापावर हुईल, माझ्या सासऱ्यावर हुईल. सिस्टरनी काय केलं? त्या तर आल्या व्हत्या लग्न मोडायला."

तेही खरं. सिस्टर इमेल्डा तिच्या बापाच्या ओट्यावर दोन तास बसल्या होत्या. बाप म्हणाला होता, "सिस्टर, तुमच्यात लगीनच करत न्हाईत, तुमाला काय कळनार?"

"मार्चपर्यंत थांब," मी म्हणाले. "परीक्षा झाली की मी स्वतः जाऊन सांगते. येशूशप्पथ." एकदा जीभ सैल झाली की शपथांना काय तोटा.

"मार्चात मी कुटं आसनार? फडात." तिनं हात काढून घेतला. "म्हंजी मी बोलायचं न्हाई, आसं म्हनतीस तू."

"मी असं कुठं म्हणाले?"

"मग काय म्हनालीस?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, अगदी टीचरांनी पत्र्याकडं बघितलं होतं तसं.

शाळेत पोहोचल्यावर टीचरांनी तिला दवाखान्याच्या खोलीत नेलं. तिचा जुना युनिफॉर्म सासूनं पोतेरं करून टाकला होता, म्हणून माझा दुसरा जोड तिला दिला. कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढायला ती तयार नव्हती. "सासू मनी मोजती," ती म्हणाली. मग ते झंपराच्या आत सेफ्टी पिनांनी टाचलं. जोडवी मोज्यांत गेली. राहिला चुडा. नव्या नवरीचा चुडा उतरवायचा म्हणजे अपशकुन, आणि फोडला तर घरी गेल्यावर तिची पाठ फुटणार. टीचर डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी मीच म्हणाले, "स्वेटर."

हुशारी माझीच. लाल स्वेटर, लांब बाह्यांचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

वर्गात पोरींनी तिला गराडा घातला. "अगं द्वारके!" "कशी झालीस गं!" "सासू मारते का?" ती नुसती हसत होती. मग तिनं माझं भूमितीचं पुस्तक ओढलं.

"कुटपर्यंत आलाय?"

"वर्तुळ."

ती वाचायला लागली. ओळीखाली अंगठा सरकवत, भराभर, भुकेलं माणूस भाकरी खातं तसं. एका प्रमेयावर थांबली आणि मला म्हणाली, "हे तू चुकीचं सोडवलंयस. ही त्रिज्या न्हाई, जीवा हाय." नववीपर्यंत गणितात ती माझ्या पुढं असायची. कायम. मी खोडरबर घेतलं आणि खोडलं.

दहा वाजता टीचरांनी बोर्डाचा फॉर्म तिच्यापुढं ठेवला. "सही कर," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हणतात, भरून तर टाकू. देवाच्या मनात काय असेल कोण सांगावं." द्वारकानं झोकात सही केली, कोळपे द्वारका भानुदास. लग्नाआधीचं नाव. ते लिहिताना ती जीपमधल्यासारखी दिसत नव्हती, आमच्यातली दिसत होती.

मग सिस्टर इमेल्डा आल्या. मूळच्या वसईच्या, साठीच्या, कोणावर आवाज न चढवणाऱ्या. त्यांच्या राज्यात खोटं बोलायची सोयच नव्हती. रोज चारला शाळा सुटायच्या आधी त्या छोटी पितळी घंटा वाजवायच्या. त्या घंटेनंतर ज्याचं काही चुकलं असेल त्यानं उभं राहून आपण होऊन सांगायचं. सांगितलं की शिक्षा नाही. नुसतं "बरं, बस." पाचवीपासून रोज. आम्ही कुणाची पेन्सिल चोरली, कुणाला चिमटा काढला, सगळं त्या घंटेला ओकून घरी जायचो, हलक्या होऊन.

"मुलींनो," सिस्टर म्हणाल्या, "आज पाहुणे येतील. कुणी खोटं बोलायचं नाही. नाव विचारलं तर नाव सांगायचं. विचारलं तेवढंच, आणि खरं." मग त्या द्वारकाजवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "मी चॅपलमध्ये आहे," त्या पंडित टीचरांना म्हणाल्या. "तुम्ही पाहा."

आणि गेल्या. तेव्हा मला वाटलं, प्रार्थनेला गेल्या. किती भक्तिवान बाई! आता वाटतं, त्यांना कुणी प्रश्न विचारू नये म्हणून गेल्या. त्यांना खोटं चालत नव्हतं ना. मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येणारच.

साडेअकराला पाठारे मॅडम आल्या. घामानं डबडबलेल्या, हातात रुमाल, मागं एक कारकून शाईची बाटली घेऊन. त्यांची ती दिवसातली तिसरी शाळा होती. आम्ही उभ्या राहून "नमस्ते बाई" म्हणालो.

"बसा, बसा. पंखा नाही का इथं?"

"लाईट नाही मॅडम," टीचर म्हणाल्या.

मॅडमनी डोकी मोजली. वीस. मग हजेरीपटावरून एकेक नाव घ्यायला लागल्या. नाव घेतलं की मुलीनं उभं राहायचं, कारकून तिच्या डाव्या बोटाला शाई लावायचा. एकच मुलगी दोन शाळांत मोजली जाऊ नये म्हणून ती शाई. मॅडम वर बघतही नव्हत्या. आठ झाल्या, नऊ झाल्या. मी मनात नमो मरिया म्हणत होते, एक संपली की दुसरी.

"कोळपे द्वारका भानुदास."

द्वारका उभी राहिली. कारकुनापुढं तिनं डावा हात केला. बाही वर सरकली आणि बांगड्या वाजल्या.

कारकुनानं वर पाहिलं. मॅडमनी पाहिलं. पंडित टीचर वळल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काही नव्हतं.

"स्वेटर का गं घातलायस?" मॅडमनी विचारलं. "इतक्या उन्हात?"

द्वारकानं बाही खाली ओढली.

"बरं वाटत नाही का?"

तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कुंकू पुसलं होतं तिथं त्वचा लाल झाली होती, आणि मॅडम नेमक्या तिथंच बघत होत्या. त्यांनी रजिस्टर मिटलं. जवळ आल्या. आवाज एकदम बदलला, सरकारी राहिला नाही.

"रोज येतेस का बाळ शाळेत?"

द्वारकानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली, बाकाकडं.

"घाबरू नको. तुला काही सांगायचंय का मला?"

"बाई," द्वारका म्हणाली, "मला..."

आणि मी उभी राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव यायला अजून सात-आठ नावं होती.

"रोज येते बाई," मी म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, प्रार्थना सांगतात तशा आवाजात. "माझ्या शेजारीच बसते. तिला ताप आहे, म्हणून स्वेटर. बांगड्या मावशीच्या लग्नात भरल्यात."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मीही त्यांच्याकडं बघितलं, डोळा न हलवता. मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण बाहेर जीप उभी होती, अजून दोन शाळा राहिल्या होत्या, आणि समोर एक पोरगी ठामपणे सांगत होती की सगळं ठीक आहे. ठीक आहे म्हणणारं कुणी भेटलं की माणसाला बरं वाटतं.

"रोज येते?" त्यांनी द्वारकालाच पुन्हा विचारलं.

द्वारका माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. अचंब्यानं, जसं काही मी तिला न येणारी एखादी भाषा बोलले होते. मग ती मॅडमकडं वळली.

"व्हय बाई," ती म्हणाली. "रोज येते." आणि बसली.

कारकुनानं वाकून तिच्या बोटाला शाई लावली.

उरलेली नावं झाली. वीस. मॅडमनी सही केली, शिक्का मारला, अर्धा कप चहा पिऊन गेल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही, बहुतेक वाजवल्या असणार.

सिस्टर चॅपलमधून आल्या. "किती?"

"वीस," टीचर म्हणाल्या.

"काही विचारलं त्यांनी?"

"विचारलं. मार्थानं उत्तर दिलं."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. काय उत्तर दिलंस, एवढे तीन शब्द विचारायचे होते. मी सांगितलं असतं, खरंच सांगितलं असतं, पाचवीपासूनची सवय होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि ऑफिसात गेल्या. त्या दिवशी चारची घंटा वाजली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

दुपारभर द्वारका वर्गात बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, मोजणी झाली होती, ती दवाखान्याच्या खोलीत पडू शकली असती. पण बसली. स्वेटर काढून, चुडा उघडा टाकून. विज्ञानाचा तास केला, हिंदीचा केला, टीचरांनी भूमितीचं गणित घातलं ते सगळ्यांच्या आधी सोडवलं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शाळा सुटल्यावर युनिफॉर्मची नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि लुगडं नेसली.

जीपमध्ये मागं पुन्हा आम्ही दोघीच. टीचर आल्या नाहीत, डोकं दुखतंय म्हणाल्या. मीही म्हणणार होते, पण शपथ माझी होती.

अर्धा रस्ता गेला.

"द्वारके, माझं चुकलं."

ती बोटावरची शाई लुगड्याच्या पदरानं घासत होती. जात नव्हती.

"नेवाशाचं स्थळ आलंय मला," मी म्हणाले. "शाळा बंद झाली असती तर मलाही..." मग माझाच आवाज चढला. "तूही सांगू शकली असतीस ना! मी काय तोंड दाबलं होतं तुझं?"

बघा, हे मी म्हणाले. तिलाच वर.

"न्हाई दाबलंस," ती म्हणाली. शांतपणे. "मी बोलनारच व्हते. पर तू उभी ऱ्हायलीस, आन मला वाटलं, ही माझ्या बाजूनं बोलती." थोडं थांबून म्हणाली, "पयल्या शब्दापतुर वाटत व्हतं."

लाजरसमामांनी आरशातून मागं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं.

"आता तुमची शाळा चालंल ना मार्चपतुर?"

"चालेल."

"आन नेवाशाचं?"

"परीक्षेपर्यंत तरी नाही."

"मग झालं," ती म्हणाली. "येकीचं तर झालं."

तिनं टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडायला मला बरं जमतं. पण ती तसं खरंच म्हणत होती.

सासू दारातच उभी होती. "पावनेपाच," ती खूश होऊन म्हणाली. "बोलल्यापरमानं आनलीस. गुनाची पोर हायेस." द्वारका माझ्या बाजूनं आत गेली. तिथंच कोपऱ्यात घागर होती, ती उचलून मागच्या दारानं निघाली. सासूनं माझ्या ओढणीत ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा टाकल्या, ओल्या, नुकत्या उपटलेल्या. परत येताना जीपमध्ये मी त्या खाल्ल्या. सगळ्या. दुपारी डबा उघडला नव्हता, भूक लागली होती.

रविवारी मी फादरांकडं पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. जाळीच्या पलीकडून ते म्हणाले, "शाळेच्या भल्यासाठी बोललीस. पण असत्य ते असत्य. तीन नमो मरिया म्हण." तीन! चिमटा काढला तरी तीनच असायच्या. मला वाटलं होतं ते ओरडतील, उठून वस्तीवर जातील, निदान काहीतरी करतील. मी गुडघ्यावर बसून तीन म्हणाले. दोन मिनिटं लागली.

दिवाळीनंतर ती वस्ती रिकामी झाली. कडबा, कोंबड्या, माणसं, सगळं ट्रकमध्ये भरून गेलं. लाजरसमामांनी पाहिलं होतं.

फेब्रुवारीत हॉलतिकिटं आली. वीस. सिस्टर इमेल्डांनी ऑफिसात एकेकीला बोलावून दिली. माझी सही घेतल्यावर टेबलावर एक हॉलतिकीट उरलं, त्यावर नववीतल्या द्वारकाचा दोन वेण्यांचा फोटो. सिस्टर त्याकडं बघत म्हणाल्या, "मार्था, त्या दिवशी मी चॅपलमध्ये जायला नको होतं. तू लहान होतीस."

"पंधरा वर्षांची होते सिस्टर," मी म्हणाले. "द्वारकाएवढीच."

असं मी त्यांना आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी द्वारकाच्या बापाकडून सांगलीकडच्या कारखान्याचा पत्ता काढला आणि ते हॉलतिकीट रजिस्टर पोस्टानं पाठवलं. "टोळी दुसऱ्या फडावर" असा शेरा घेऊन ते परत आलं.

आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात. दहावी झाले म्हणून बारावी झाले, बारावी झाले म्हणून नर्सिंग. बापाचं नेवासा मागं पडलं. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. मला हे सगळं मिळालं, आणि यातलं काही परत करावं असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर हेच जास्त टोचतं. ऊसतोडीवरून सोळा-सतरा वर्षांच्या पोरी येतात, वय अठरा सांगतात, सोबतची सासू मान डोलवते. मी वय दोनदा विचारते. तिसऱ्यांदा सासूला बाहेर पाठवून विचारते. दवाखान्यात मला खडूस सिस्टर म्हणतात.

त्या वर्षी मार्चमध्ये परीक्षा कारखान्याच्या हायस्कुलात होती. आमचे वीसही नंबर एकाच खोलीत. पहिला पेपर मराठीचा. खिडकीजवळचं तिसरं बाक रिकामं होतं, त्यावर खडूनं नंबर लिहिलेला. पर्यवेक्षक म्हणजे एक म्हातारे सर, जाड चष्म्याचे. त्यांनी उत्तरपत्रिका वाटल्या, त्या बाकापाशी थांबले, यादीत बोट फिरवलं.

"कोळपे द्वारका भानुदास. कुठंय ही? उशीर झालाय का? कुणाला ठाऊक आहे?"

अठरा पोरी आपापल्या बाकाकडं बघत होत्या.

मी उभी राहिले.

"तिचं लग्न लावलंय सर," मी म्हणाले. "गेल्या मे महिन्यात. पंधराव्या वर्षी. तिची इच्छा नव्हती. तिला ऊस तोडायला नेलंय, सांगलीकडं. ती शाळेत रोज येत नव्हती सर. एकच दिवस आली होती. मी खोटं बोलले होते."

सरांनी चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. अकराला दोन मिनिटं कमी होती.

"म्हणजे गैरहजर," ते म्हणाले, आणि यादीत तसं लिहिलं. "बस बाळ. पेपर वाटतोय."

मी बसले.